चिकू परदेशी, माशी गावची

डहाणू तालुक्यात परका कोण, हा प्रश्न जपून विचारावा. वारल्यांच्या हिशेबाने त्यांच्यानंतर आलेले सगळेच परके. इराणी बागायतदारांच्या पिढ्या इथल्या वाड्यांत वाढल्या, घरात गुजराती आणि तलाठ्याशी मराठी बोलत राहिल्या. त्यांना परकं म्हणायची कुणाची छाती होत नाही. शेजारच्या तलासरीत कित्येकांची सोयरीक गुजरातेत असते, त्यामुळे तिथे परका म्हणजे नक्की किती किलोमीटरवरचा, हे आधी ठरवावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून बोर्डीला येणारा आणि रविवारी रात्री परतणारा बंगलेवाला परका खरा, पण त्याच्या तोंडावर तसं कुणी म्हणत नाही. शहाळ्याचा भाव त्याच्या जिवावर टिकून आहे.

राहिला चिकू. तो मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिकडे त्याच्या झाडाचा चीक काढून च्युइंग गम बनवत. महाराष्ट्रात हे झाड पहिल्यांदा लागलं ते याच तालुक्यातल्या घोलवडला, १८९८ साली, असं फळबागांची पुस्तकं सांगतात. आज पालघर जिल्ह्यात सुमारे ५,००० हेक्टरवर चिकू उभा आहे. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या मातीत कॅल्शियम भरपूर, म्हणून गोडी वेगळी, असं त्याचं कारण. २०२१ साली हे मानांकन मिरवत तो इंग्लंडलाही जाऊन आला. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला मागणाऱ्या राज्यात, मेक्सिकोहून आलेल्या एका फळाने ११८ वर्षांत ‘अस्सल इथलाच’ असा सरकारी शिक्का मिळवला. एवढ्या वेळात काही कुटुंबांचा सातबाराही दुरुस्त होत नाही.

याच चिकूत अंडी घालणारी फळमाशी मात्र इथलीच. तिला शिक्का नाही, दाखला नाही आणि तिच्या नावाने महोत्सवही भरत नाही.

आधी तिची ओळख पटवून घ्यायला हवी, कारण तिच्या नावावर दुसरीच बदनाम होते. पिकलेल्या केळ्यांवर किंवा ताडीच्या मडक्याभोवती घिरट्या घालणारी ती चिलटं. त्या जातीने शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिकं मिळवून दिली आहेत आणि ताडी पिणाऱ्याला तिचा फारसा त्रास नसतो. खरी फळमाशी घरमाशीएवढी. अंगावर पिवळे पट्टे, पंख पारदर्शक, चाल डौलदार. घाईत बघणारा तिला गांधीलमाशी समजून दूर होतो, आणि तिलाही तेच हवं असतं. शास्त्रात तिला बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस म्हणतात. तिच्या सोबत झोनाटा आणि करेक्टा या दोन चुलत बहिणीही चिकू, आंबा, पेरू, बोर यांवर हक्क सांगतात. या तिघीही दक्षिण आशियाच्या रहिवासी, म्हणजे चिकूच्या आधीपासूनच्या.

इथे तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, पण परदेशात तिचा दरारा काही और आहे. २००३ साली केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली आणि बघता बघता तिने आफ्रिकेतल्या आंब्यांचा ताबा घेतला. २००५ साली शास्त्रज्ञांनी तिला नवी जात ठरवून बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स असं नाव दिलं. आक्रमण करणारी, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे दहा वर्षं तिचे पंख, गुणसूत्रं आणि संसार तपासून झाल्यावर २०१५ साली निकाल लागला की ही कुणी नवी नव्हेच, ही आपली डॉर्सॅलिस. नाव मागे घेण्यात आलं. आफ्रिकेतल्या आंब्यांना मात्र काहीच परत मिळालं नाही.

हवाई बेटांवर ती १९४०च्या दशकात पोचली आणि तिथेच राहिली. जपानने तिला ओकिनावाच्या बेटांवरून हुसकावून लावलं. १९८६ साली ते काम पुरं झालं. पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर तर १९६०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी विमानातून औषधात भिजवलेले लगद्याचे चौकोनी तुकडे टाकले आणि माशीचं नामोनिशाण मिटवलं. एका माशीसाठी विमान! आपल्याकडे विमान येतं ते पूर आल्यावर, आणि तेही पाहणीसाठी.

सगळ्यात मोठा दरबार भरतो तो कॅलिफोर्नियात. तिथे गल्लीबोळातल्या घरांच्या परसात सरकारी माणसं सापळे टांगून जातात आणि ठरावीक दिवसांनी येऊन बघतात. डहाणूत सापळ्यात एक माशी सापडली तर सापळा बिघडला असं समजतात. कॅलिफोर्नियात मोजक्या माश्या सापडल्या तरी नकाशावर रेघा ओढल्या जातात. २०२४च्या जानेवारीत रेडलँड्स या गावात हेच झालं. संत्र्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेलं हे गाव. तिथे डॉर्सॅलिस सापडली आणि सरकारने २,००० हून अधिक घरांच्या आवारातली फळं झाडावरून उतरवून नेली. लिंबं गेली, संत्री गेली, ग्रेपफ्रूट गेली. ज्या भागांत फळं उतरवली नाहीत, तिथल्या रहिवाशांना सांगण्यात आलं की घरचं फळ घरातच खा, रस काढा, शिजवा, पण कुंपणाबाहेर नेऊ नका. शेजारणीला वाटीभर लिंबं देणं हा तिथे काही महिने कायदेभंग होता. त्या ऑगस्टमध्ये माशी हटल्याचं जाहीर झालं.

कॅलिफोर्नियाला हा धडा आधी मिळालेला होता, दुसऱ्या एका माशीकडून. भूमध्यसागरी फळमाशी भारतात नाही, ती येऊ नये म्हणून आपलंही क्वारंटाइन खातं डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. १९८० च्या सुमारास ती सॅन होजेच्या परिसरात घुसली. गव्हर्नर जेरी ब्राउन लोकवस्तीवर औषध फवारायला तयार नव्हते. केंद्र सरकारने राज्यातल्या सगळ्या फळांवर बंदी घालायची धमकी दिल्यावर १९८१ च्या जुलैत हेलिकॉप्टरं उडाली आणि शहरावर मॅलेथिऑन पडू लागलं. लोक घाबरले. तेव्हा कॅलिफोर्निया कॉन्झर्व्हेशन कोअरचे प्रमुख बी. टी. कॉलिन्स यांनी आपल्या तरुण कामगारांना धीर देण्यासाठी पाण्यात कालवलेलं मॅलेथिऑन सर्वांसमोर पिऊन दाखवलं. ते जगले, पण पालघर जिल्ह्यातल्या कुठल्याही पदाधिकाऱ्याने हे अनुकरणीय समजू नये. आपल्याकडे रिकामे डबे पाणी भरायला वापरतात, तेवढा धोका पुरेसा आहे.

या सगळ्या धाकाचा फटका शेवटी आपल्या आंब्याला बसतो. अमेरिकेने भारतीय आंबा जवळपास अठरा वर्षं दाराबाहेर ठेवला. २००७ साली तो आत गेला तो गॅमा किरणांचं स्नान करून. लासलगाव हे कांद्याचं गाव, पण तिथल्या विकिरण केंद्रात हापूस जाऊ लागला. ४०० ग्रे मात्रेची किरणं खाल्ल्यावर फळातली अळी लगेच मरेलच असं नाही, पण तिचा वंश पुढे चालत नाही, आणि अमेरिकेला तेवढं पुरतं. युरोपचा राग पुढे उफाळला. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ मालांत फळमाशीसारखे कीटक सापडले आणि १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. महाराष्ट्र दिन, हापूसचा भर हंगाम, आणि माशीने साधलेला हा मुहूर्त. २०१५ साली बंदी उठली. तोवर परदेशातल्या लेकीसुनांना आंबा पाठवायच्या सगळ्या खटपटी करून झाल्या होत्या. सुटकेसमध्ये साडीच्या घडीत लपवलेला हापूस हुंगणारे विमानतळावरचे कुत्रे आणि ‘एकच आहे, नातवासाठी’ म्हणणारी आजी यांच्यात आजवर कुत्र्याचीच सरशी झालेली आहे.

बाहेर जिची एवढी दहशत, तिचं घरच्या मैदानात काय करायचं? तिचा कच्चा दुवा फार वर्षांपूर्वी सापडला, आणि तोही एका शेजाऱ्यामुळे. बिहारमध्ये पुसा इथे ब्रिटिश सरकारची शेती संशोधन संस्था होती. (१९३४च्या भूकंपानंतर ती दिल्लीला गेली आणि जाताना गावाचं नावही घेऊन गेली.) तिथे फ्रँक हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास पळवण्यासाठी सिट्रोनेलाचं तेल वापरलं. डासांचा मुद्दा मागेच पडला. कारण फळमाश्यांनी त्या गृहस्थाला घेराव घातला. दुसरा कुणी असता तर कपडे बदलून मोकळा झाला असता. हॉवलेटनी माश्या तपासल्या आणि त्यांना दिसलं की आलेले सगळे नर आहेत. १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९१५ पर्यंत वासातला मूळ गुन्हेगारही शोधला, तो मिथाइल युजेनॉल. आज जगभर फळमाशीचे जे सापळे टांगले जातात, त्यांतल्या अनेकांची कुळकथा पुशातल्या त्या डासांनी गांजलेल्या शेजाऱ्यापाशी येऊन थांबते.

नर या वासासाठी इतके वेडे का, याचं उत्तर कळल्यावर त्यांची थोडी दयाच येते. डॉर्सॅलिसची लग्नं गोरज मुहूर्तावर लागतात. ही अतिशयोक्ती नाही. सूर्य कलला की नर पानांवर जमून पंख फडफडवतात आणि माद्या येऊन निवड करतात. ज्या नराने आधी मिथाइल युजेनॉल चाटलेलं असतं, त्याच्या शरीरात त्याचं सुगंधी द्रव्य बनतं आणि माद्या त्याच्याकडे जास्त वळतात. म्हणजे नवरदेव अत्तराच्या दुकानात जातो, ते दुकान बागायतदाराने उघडलेलं असतं, आणि मांडवात काही तो पोचत नाही.

हे अत्तर निसर्गातही आहे, आणि घराघरांत आहे. तुळशीत मिथाइल युजेनॉल असतं. पानं ठेचून बाटलीत ठेवली तर नर माश्या येतात. शेतीच्या पत्रकांत हा घरगुती उपाय सांगितलेलाही असतो. कार्तिकात अंगणातल्या वृंदावनाला ऊस बांधून तुळशीचं लग्न लागतं, तेव्हा वऱ्हाडात न बोलावलेले पाहुणे असणारच. भटजींना त्यांची दखल घेण्याचं कारण नाही. पेरूचं झाड मात्र वृंदावनापासून चार हातांवर असलं, तर यजमानांनी घ्यावी.

कोकणात जो सापळा सर्वांच्या तोंडी आहे तो ‘रक्षक’. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा हा सापळा आंब्यासाठी आला आणि चिकूच्या वाडीतही टांगला गेला. प्लॅस्टिकचा डबा, आत मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेला प्लायवूडचा ठोकळा, बाजूला माशी आत जाण्यापुरती भोकं. हेक्टरी चार सापळे, असं विद्यापीठ सांगतं. वास माणसाला लवंगेची आठवण करून देणारा, सौम्य. सरहद्दीच्या पलीकडे नवसारी कृषी विद्यापीठाचा ‘नौरोजी-स्टोनहाउस’ सापळा मिळतो. नावावरून वाटतं की एखादी जुनी वकिलांची पेढी असावी. तलासरीच्या बागायतदाराला दोन्ही सारखेच जवळ. त्यामुळे तिथे रक्षक आणि नौरोजी एकाच कुंपणाच्या दोन टोकांना लटकलेले असू शकतात. माशीला दोन्ही राज्यांबद्दल आकस नाही. सीमेवरच्या आच्छाडला ट्रकांची रांग लागलेली असली तरी ती डोक्यावरून निघून जाते.

सापळ्याचं एक दुखणं आहे, ते बागायतदाराला सांगितलं तर त्याचा उत्साह ओसरतो. यात सापडतात ते फक्त नर. अंडी घालते मादी, ती सापळ्याकडे ढुंकून बघत नाही. शंभरातले नव्वद नर मेले तरी उरलेले दहा जण मुहूर्त साधतात, आणि एकेक नर अनेक लग्नं करतो. तिकडे कायदा आड येत नाही. एकेक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते. म्हणजे माश्या खरोखर संपवायच्या तर सापळे इतके दाट आणि इतक्या मोठ्या भागात लावावे लागतात की माद्यांना वरच मिळू नये. रोटा बेटावर ते जमलं, कारण भोवती समुद्र होता. डहाणूच्या एका बाजूला समुद्र आहे. बाकी तीन बाजूंना शेजारी आहेत.

तरीही डबा काढून आत बघितल्यावर माश्यांचा खच दिसतो आणि मन भरून येतं. हंगामात शेकड्यांनी सापडतात. सापळा उघडून शेजाऱ्याला दाखवण्यात एक आनंद आहे, तो फोटोत मावत नाही तरी काढला जातो. आणि शेजाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं.

“भाऊ, एवढ्या माश्या तुमच्याच वाडीतल्या का?”

“मग काय तुमच्या?”

“माझ्याच असणार. तुम्ही वास लावून बोलावल्यात. चांगलं झालं, माझा खर्च वाचला.”

या संवादावर शास्त्राकडे उपाय आहे, पण तो लोकप्रिय नाही. शास्त्र म्हणतं, माश्या मोजा, आणि सापडलेल्या माश्यांना सापळ्यांच्या संख्येने आणि दिवसांनी भागा. चार सापळ्यांत सात दिवसांत २८० माश्या आल्या तर दर सापळा दर दिवशी १० माश्या. पुढच्या आठवड्यात हाच आकडा चढला की समजायचं, वेळ भरत आली. सापळ्याचं खरं काम हेच, पहारेकऱ्याचं. मारणं हे त्याने हौसेने केलेलं जादा काम. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात वाळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या माश्या मोजायला बसणारा माणूस घरात मिळत नाही. आजोबांना दिसत नाही, मुलांना किळस येते, आणि गडी म्हणतो की शेठ, मोजल्याने कमी होतील का? एखाद्या चौकस बागायतदाराने मूठभर माश्यांचं वजन करून हिशेब लावायचं ठरवलं, तर त्याला हसू नये. जगातल्या बऱ्याच नोंदवह्या याहून ढिल्या पद्धतीने भरल्या जातात.

सल्ला हवा तर कोसबाड जवळ आहे. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळेत न येणाऱ्या पोरांसाठी शाळाच पोरांच्या मागे नेली. गुरं चारायला गेलेल्यांसाठी कुरणशाळा भरवल्या. त्या मानाने, चिकूच्या भावाची चर्चा सोडून फळमाशीच्या व्याख्यानाला बागायतदारांना बसवून ठेवणं हे काम अधिक बिकट असावं.

आणखी एक घोळ पावसाळ्यात होतो. तलासरीच्या पाड्यांवर काकडी, दोडकी, कारली, दुधी यांचे वेल चढतात आणि फळं वाकडी होऊन सडू लागतात. कुणीतरी सांगतं, फळमाशी आहे. कुणीतरी आंब्याच्या झाडावरचा सापळा काढून वेलाच्या मांडवात लावतं. आठ दिवसांनी बघावं तर सापळ्यात माश्या आहेत, पण आंब्याच्या, आणि कारली तशीच सडलेली. वेलवर्गीय भाज्यांची माशी निराळी. तिला मिथाइल युजेनॉलचं काहीच वाटत नाही; तिच्या नराला क्यू-ल्यूर लागतं. तीही आपल्याकडचीच. १८९५च्या सुमारास ती हवाईला पोचली होती आणि ओकिनावातून तिला घालवायला जपानला १९९३ साल उजाडलं. त्यासाठी जपान्यांनी कारखान्यात अब्जावधी माश्या वाढवल्या, किरणांनी त्यांना वांझ केलं आणि सोडून दिलं. शत्रूची पैदास सरकारी खर्चाने करायची आणि मग तिला मोकळं सोडायचं, ही योजना आपल्या एखाद्या ग्रामसभेत मांडून बघावी.

तर मग इलाज कोणता? इलाज आहे, स्वस्त आहे आणि कुणालाही नको आहे. खाली पडलेली फळं उचलायची.

माशीचा संसार तिथेच चालतो. मादी पिकू घातलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि गर खात आत शिरतात. फळ पडतं. अळ्या फळातून निघून मातीत शिरतात, आणि निघताना त्या चक्क उड्या मारतात. शरीराची कमान करून टिचकीसरशी लांब जातात. मातीत कोष करून बसतात आणि हवामान अनुकूल असेल तर दहाएक दिवसांत नवी माशी वर येते. म्हणून सांगतात की पडलेली फळं रोज गोळा करा, दोन फूट खोल खड्ड्यात पुरा किंवा पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, आणि झाडाखालची माती अधूनमधून उकरा. वाक्य वाचायला सोपं आहे. खड्डा खणायला घ्या म्हणजे कळतं.

चिकूच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. बाजाराचा चिकू कडक असतानाच उतरवतात, तो घरी किंवा वखारीत पिकतो. माशीला हवा असतो पिकायला लागलेला, सालीखाली मऊ झालेला. म्हणजे वेळच्या वेळी तोडणी झाली तर बऱ्याच फळांना ती गाठूच शकत नाही. संकट येतं ते भाव पडला की. तोडणीची मजुरी, खोकी आणि ट्रकभाडं मिळून मालाच्या किमतीवर जातं, तेव्हा बागायतदार फळ झाडावरच सोडून देतो. ते पिकतं, रात्री वटवाघळं अर्धं खातात, उरलेलं खाली पडतं. त्या आठवड्यात वाडीत माशीची इतकी लग्नं लागतात की वऱ्हाड ओळखू येत नाही. वाशीच्या बाजारातला पडलेला भाव आणि महिनाभराने वाढलेली माशी यांचा संबंध कुणी हिशेबात धरत नाही. पण अर्थशास्त्र आणि कीटकशास्त्र इथे एकाच झाडाखाली बसलेले असतात. त्यातच चिकूला बारमाही फळ. आंब्याचा हंगाम संपला की आंब्याची माशी उपाशी मरेल, अशी आशा कोकणात इतरत्र करता येते. डहाणूत नाही. इथे आंबा संपतो, चिकू असतो. चिकू कमी पडला तर पेरू आहे, जाम आहे, बोर आहे.

वाडीला निदान मालक असतो. गावात आणि शहरात वाढलेल्या झाडांचा पत्ता कोणाला विचारायचा? बंद बंगल्याच्या आवारातला पेरू पिकून पडतो, राखणदाराकडे फाटकाची किल्ली असते पण झाडाची नसते. तो मुंबईला फोन लावतो. पलीकडून सांगतात की फळं उचलू नकोस, आम्ही शनिवारी येतोय, मुलांना झाडाखाली पडलेले पेरू बघायला आवडतात. शनिवारी मुलं पेरू बघतात, त्यातली अळी बघतात आणि वडील त्यांना सांगतात की हे सेंद्रिय असल्याची खूण आहे. रहिवासी सोसायटीत तर आणखी मजा. आंबा लावला तेव्हा तो सगळ्यांचा होता, कैऱ्यांच्या वेळी तळमजल्याचा होतो आणि कुजलेली फळं उचलायच्या वेळी सचिवांचा.

सगळ्यात बिनवारशी झाड म्हणजे बदाम. सुकामेव्यातला नव्हे, रुंद पानांचा, थंडीत पानं लालभडक करणारा, किनाऱ्याकिनाऱ्याने शाळांच्या पटांगणात आणि रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेला देशी बदाम. त्याच्या पिकलेल्या फळाचा लालसर, आंबूस गर डॉर्सॅलिसला फार प्रिय, जगभर सगळीकडे. कुठल्याही फळबाग योजनेत त्याचं नाव नाही, कुणाच्या पीकविम्यात तो बसत नाही, त्याच्यावर सापळा टांगायला अनुदान नाही. बागायतदार वाडीत फवारणी करतो, सापळे बदलतो, खड्डे खणतो. आणि दोन हातांवरच्या सरकारी बदामाखाली माशीची पुढची पिढी कुणाच्या परवानगीशिवाय तयार होत असते. एका गावात एका बागायतदाराने अशा झाडाखालची फळं उचलायचा अर्ज केला, असं समजू. झाडाचं बूड शाळेच्या हद्दीत, अर्धा पसारा रस्त्यावर, फळं पडतात ती गटारात. शाळा म्हणणार फांदी आमची नाही, रस्तावाले म्हणणार बूड आमचं नाही, गटारवाले म्हणणार फळ वरून आलं. तिन्ही उत्तरं बरोबर असतील आणि तिन्हींना जावक क्रमांक असेल. अर्जाची पोच मिळेपर्यंत मातीतल्या कोषांतून माश्यांच्या दोन पिढ्या आरामात निघून जातात.

तोवर या झाडाचं नियंत्रण शाळेतली पोरं बघतात. मधल्या सुट्टीत ती बदामाखाली धावतात, पडलेलं प्रत्येक फळ उचलतात, वरचा गर दातांनी ओरबाडतात आणि दगडाने फोडून आतलं बी खातात. शिस्तीचे मास्तर त्यांना हाकलतात आणि पटांगण स्वच्छ ठेवा म्हणतात. पटांगण खरं तर त्यांच्याइतकं कुणीच स्वच्छ ठेवत नाही. फक्त एप्रिलच्या शेवटी शाळेला कुलूप लागतं, पोरं आजोळी जातात, आणि सापळ्यातल्या माश्यांचा आकडा चढायला लागतो.